‘सर्व क्रमांक जुळणारी’ म्हणून विकलेल्या इशापूर रायफलीबाबत तक्रार

दिनांक : १२ मे २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व मूल्यांकन विभाग

विषय : १९४३ सालच्या इशापूर बनावटीच्या ली-एनफिल्ड रायफलीचा चुकीचा दर्जा लावल्याबद्दल तक्रार व पूर्ण परताव्याची मागणी.

महोदय,

गेल्या आठवड्यात आपले फोनवरचे बोलणे मराठीतच झाले आणि तक्रार मराठीत लिहून पाठवली तरी चालेल असे आपणच सुचवले, म्हणून हे पत्र मराठीत लिहीत आहे. माझ्याकडे ‘क्युरिओ अँड रेलिक’ वर्गाचा, म्हणजे जुनी, संग्राह्य हत्यारे घेण्याचा अमेरिकी संग्राहक परवाना आहे आणि गेली अकरा वर्षे मी जुन्या लष्करी रायफली जमवत आहे. एप्रिल महिन्यात मी आपल्याकडून ली-एनफिल्ड नंबर १ मार्क ३ स्टार ही रायफल ६४० डॉलरना विकत घेतली. तिच्या वर्णनात आपल्या मूल्यांकनकाराने ‘व्हेरी गुड’ हा दर्जा लावून निरनिराळ्या भागांवरचे सर्व क्रमांक जुळतात, लाकूड मूळचे व न छेडलेले आहे, नळी चकचकीत असून आटे (नळीच्या आतल्या पीळदार खाचा) धारदार आहेत आणि रायफल चालवण्यास सुरक्षित आहे, असे स्पष्ट लिहिले होते. यातले एकही विधान खरे ठरलेले नाही.

ही विशिष्ट रायफल मी का शोधत होतो, हे सांगणे मला आवश्यक वाटते. माझे आजोबा सातारा जिल्ह्यातले. ते मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होते आणि १९४१ साली एरिट्रियात केरेनच्या लढाईत होते. त्यांच्या हातात याच जातीची रायफल होती. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात तयार झालेला नमुना आपल्या घरात असावा, ही माझी अनेक वर्षांची इच्छा होती. त्यामुळे ती झिजलेली, डागाळलेली किंवा काळवंडलेली निघाली असती, तर मी एका शब्दानेही तक्रार केली नसती, कारण ऐंशी वर्षांपूर्वीच्या लष्करी हत्याराला झीज असणारच. माझी तक्रार जुनेपणाबद्दल नाही. तो जुनेपणा घासून पुसून टाकला गेला, आपल्या मूल्यांकनकाराला ते घासणे दिसले नाही किंवा त्याने पाहिले नाही, आणि वर त्यालाच ‘मूळ स्थिती’ म्हटले गेले, याबद्दल ती आहे.

पहिला संशय बोल्टवरून, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्यावरून आला. बोल्टच्या मुठीच्या मागच्या बाजूला कोरलेला क्रमांक रिसिव्हरवरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या भागावरच्या) क्रमांकाशी आकड्याला आकडा जुळतो, हे खरे. परंतु भिंग घेऊन आणि टॉर्चचा उजेड तिरपा टाकून पाहिल्यावर आकड्यांखालची पृष्ठभूमी कानशीने सपाट केलेली स्पष्ट दिसते, नव्या ‘४’च्या उभ्या रेघेमागे एका जुन्या ‘७’चा वरचा आडवा भाग अजून शिल्लक आहे, आणि नव्या आकड्यांचे वळण रिसिव्हरवरच्या वळणापेक्षा वेगळे आहे. लष्करी दुरुस्तीत बोल्ट बदलला जातच असे. पण तिथे सहसा जुना क्रमांक रेघ मारून खोडत आणि नवा शेजारी ठोकत, आणि तशी खोडलेली खूण असलेली रायफल कोणताही संग्राहक आनंदाने घेतो, कारण तो तिचा खरा इतिहास असतो. इथे जुना क्रमांक लपवण्याचा प्रयत्न झाला आहे. त्या जागेवरून तेलाचा बोळा फिरवताच काळा रंग कापडावर उतरला आणि खाली पांढरे लोखंड उघडे पडले, म्हणजे तो थंड रसायनाने अलीकडेच दिलेला रंग होता. खोके उघडल्याबरोबर आलेला कुजक्या अंड्यासारखा वास त्याचाच असावा, हे मला तेव्हा उमगले.

लाकडाची स्थिती तर याहून वाईट आहे. दस्त्याच्या टोकाला असलेल्या बटप्लेटची कड लाकडापेक्षा वर उभी राहिली आहे. बोट फिरवले तर नख अडकते. मूळ जोडणीत लाकूड धातूच्या बरोबरीने किंवा किंचित वर असते, आणि ते खाली गेले याचा अर्थ पॉलिश पेपरने घासून त्याचा एक थर काढला गेला. पुढच्या लाकडातून आडवा जाणारा मजबुतीचा स्क्रू ही इशापूरच्या रायफलींची ओळख आहे. माझ्या रायफलीत तो जागेवर आहे, पण भोवतालचे लाकूड उतरल्याने त्याचे डोके बाहेर आले आहे. लाकडावरचे तपासणीचे शिक्के जवळजवळ पुसले गेले असून वर चमकदार वॉर्निश मारले आहे. सैन्यात या लाकडाला जवसाचे तेल चोळत असत आणि वर्षानुवर्षे चोळून येणारा तो खोल, मंद तांबूसपणा कोणत्याही वॉर्निशने परत येत नाही. गेलेला शिक्का तर काहीही केले तरी परत येणार नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

नळीबाबत आपल्या वर्णनातली ‘चकचकीत’ ही नोंद केवळ आत चोपडलेल्या ग्रीसमुळे केली गेली असावी. मी ती स्वच्छ केली, तेव्हा तोंडाकडच्या सुमारे तीन इंचांत गंजाचे खड्डे आणि कडा गेलेले आटे दिसले. त्या काळच्या .३०३ काडतुसांच्या प्रायमरमध्ये (दारू पेटवणाऱ्या टोपीत) पोटॅशियम क्लोरेट असे. गोळी झाडल्यावर त्याचा क्षार नळीत राहतो, हवेतला ओलावा ओढतो आणि लोखंड खातो. आजोबा सांगत की गोळीबार झाला की आधी नळीत उकळते पाणी ओतायचे आणि मगच दोरीला चिंधी बांधून ती ओढायची, यात चुकलेल्या जवानाची हवालदार गय करत नसे. या नळीच्या बाबतीत कोणीतरी कधीतरी ती काळजी घेतली नाही. तो दोष आपला नाही, पण चिंधी एकदा ओढून पाहण्याची तसदी न घेता ‘आटे धारदार’ लिहिणे हा दोष निश्चितच आपला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय रायफल असोसिएशनच्या प्रचलित दर्जांमध्ये ‘व्हेरी गुड’साठी गंज किंवा खड्डे अजिबात नसावेत, अशी अट आहे, आणि आपल्या वर्णनात याच दर्जापद्धतीचा उल्लेख आहे.

सर्वांत गंभीर बाब सुरक्षिततेची आहे. बोल्ट दुसऱ्या रायफलीचा असल्याची खात्री पटल्यावर मी आमच्या गावातल्या परवानाधारक गनस्मिथकडे (बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे) हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचे तोंड आणि काडतुसाची कड नळीत जिथे टेकते ती जागा यांमधले अंतर, तपासून घेतला. .३०३ काडतुसासाठी हे अंतर ०.०६४ ते ०.०७४ इंचांच्या दरम्यान असावे लागते. या रायफलीचा बोल्ट ०.०७४ इंचाच्या गेजवर (मापाच्या नमुन्यावर) कोणताही अडथळा न येता पूर्ण बंद होतो, म्हणजे ती नापास आहे. ली-एनफिल्डचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो आणि त्याचे कान (अडकणारे उंचवटे) त्या त्या रिसिव्हरला घासून बसवलेले असतात, म्हणूनच बोल्टवर रायफलीचा क्रमांक कोरण्याची पद्धत होती. असा बोल्ट वाटेल त्या रायफलीत घातला, तर काडतूस आतच फाटून गरम वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. आपल्या ‘चालवण्यास सुरक्षित’ या शब्दांवर विसंबून मी माझ्या एकोणीस वर्षांच्या मुलाला त्याच शनिवारी रेंजवर नेणार होतो.

रायफल हाती आल्यावर दुसऱ्याच दिवशी, म्हणजे आपल्या तीन दिवसांच्या तपासणी मुदतीत, मी छायाचित्रांसह ईमेल पाठवला होता. रायफलीतून एकही गोळी झाडलेली नाही. त्यावर ‘जुन्या हत्यारात थोडीफार झीज धरूनच चालावे लागते’ असे दोन ओळींचे उत्तर आले, ज्यात बोल्टचा किंवा हेडस्पेसचा उल्लेखही नव्हता.

माझी मागणी अशी आहे की आपण ६४० डॉलरची पूर्ण रक्कम, येण्याचा व परत पाठवण्याचा वाहतूक खर्च आणि गनस्मिथची ४५ डॉलर फी या पत्राच्या तारखेपासून पंधरा दिवसांत परत करावी. रायफल परत गेल्यावर ती याच वर्णनासह पुन्हा विक्रीस ठेवू नये. बदललेला बोल्ट, घासलेले लाकूड आणि नापास हेडस्पेस या तिन्ही गोष्टी नव्या वर्णनात नमूद कराव्यात आणि तसे मला लेखी कळवावे. पावती, गनस्मिथचा सही-शिक्क्याचा अहवाल आणि बोल्ट, बटप्लेट व नळीच्या तोंडाची जवळून घेतलेली नऊ छायाचित्रे सोबत जोडली आहेत. रायफल मी तेल लावून, बोल्ट काढून वेगळा ठेवून, आपल्याच खोक्यात पुन्हा बांधून ठेवली आहे. परतीचे लेबल मिळताच ती रवाना करीन.

आपला,
(सही)