नाणंच दे, नोट नको

प्रिय बेटा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

परवा फोनवर तू म्हणालास, छकुली उपासनेत एक मिनिट बसत नाही, लोक मागे वळून बघतात, म्हणून आम्ही वाकडलाच मोबाइलवर उपासना लावतो. जरा समजती झाली की आणू. मी "बरं" म्हणालो आणि फोन तुझ्या आईकडे दिला. ते "बरं" काही खरं नव्हतं. फोनवर मला नीट बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र.

1996 च्या पावसाळ्यातला एक रविवार तुला आठवतो का? तू पाच वर्षांचा होतास. दानाची मखमली पिशवी आपल्या बाकापाशी आली, तू मुठीतला रुपया टाकायला गेलास आणि तो निसटला. गीताचं कडवं नुकतंच संपलं होतं, पेटी थांबली होती. त्या शांततेत तो रुपया शहाबादी फरशीवरून जो घरंगळत गेला तो थेट वेदीच्या पायरीपाशी, आणि तिथे स्वतःभोवती गरगर फिरत राहिला. तू खुदकन हसलास आणि त्याच्यामागे धावलास. मी तेव्हा नुकताच मंडळीचा पंच, म्हणजे कारभार पाहणाऱ्यांतला एक, झालो होतो. सगळ्यांदेखत तुला दंडाला धरून व्हरांड्यात नेलं आणि असा चिमटा काढला, की रात्री आईने तिथे खोबरेल तेल लावलं.

पुढच्या रविवारपासून तू अगदी शहाण्यासारखा बसू लागलास. मंडळीतले लोक म्हणायचे, मुलाला वळण चांगलं आहे. मीही खूश. पण पिशवी जवळ आली की तू नाणं माझ्या तळहातावर ठेवायचास, "पप्पा, तुम्हीच टाका." कितीतरी वर्षं. मला ते दर रविवारी दिसत होतं आणि एकदाही कळलं नाही.

मार्काच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात, लोक येशूकडे लेकरं घेऊन येतात आणि शिष्य त्यांना दटावतात. मत्तय आणि लूकही ही गोष्ट सांगतात, पण येशू शिष्यांवर रागावला हे फक्त मार्क लिहितो. हा उतारा मी किती वेळा वाचून दाखवला असेन, बाप्तिस्म्याच्या दिवशी तर हमखास. वाचताना दर वेळी वाटायचं, आपण लेकरांच्या बाजूचे. आता वाटतं, मी तर त्या दटावणाऱ्यांत उभा होतो. त्यांचा हेतू काही वाईट नव्हता. गुरुजी दमलेत, मोठ्यांचं बोलणं चाललंय, शिस्त नको का? अगदी आम्हा पंचांसारखंच! आणि झावळ्यांच्या रविवारी, येशू यरुशलेमेत आला त्याची आठवण म्हणून, आपण पोरांना झावळ्या देऊन मिरवतो, तेव्हा पुढचं सोयीस्कर विसरतो: त्या वेळची पोरं मंदिरात "होसान्ना" ओरडत होती आणि खुद्द याजकांना ते खपलं नव्हतं. येशूने त्यांना आठव्या स्तोत्राची आठवण दिली, तान्ह्या बाळांच्या मुखातून स्तुती.

127 व्या स्तोत्रात मुलांना परमेश्वराचं धन म्हटलंय. मूळ हिब्रू शब्द आहे "नहला", म्हणजे वारशाने मिळालेलं वतन. पुण्यात जन्मलेल्याला वतन काय ते समजावून सांगायला नको. ते आपल्या कर्तबगारीने मिळत नाही, सांभाळायचं आणि पुढे द्यायचं. आणि म्हणूनच ज्यांच्या घरी मूल नाही त्यांचंही काही चुकलेलं नसतं. तुझ्या मावशीला दर नाताळात कोणीतरी "गोड बातमी कधी?" विचारायचं. ती हसून करंज्यांचं ताट पुढे करायची आणि मग स्वयंपाकघरात बराच वेळ नळ सोडून उभी राहायची. मंडळीतल्या निम्म्या पोरांना रविवारच्या शब्बाथशाळेत तिनेच वचनं पाठ करून घेतली, तुलासुद्धा.

आपल्या घरच्या पवित्र शास्त्राचं पहिलं पान तू बऱ्याच दिवसांत पाहिलं नसशील. सगळ्यात वर माझी पणजी. 1897 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणून केडगावला त्यांच्या मुक्ती आश्रमात ठेवल्या, त्यांतली ती एक. रमाबाईंना उपासमार ऐकून माहीत नव्हती. आधीच्या एका दुष्काळात त्यांचे स्वतःचे आईवडील गेले होते. पणजीला तिचं गाव सांगता येत नव्हतं, वयही नाही. म्हणून तिच्या नावापुढे तारखेच्या जागी नुसती रेघ आहे. त्या रेघेखाली आपल्या पाच पिढ्या, प्रत्येकाची शाई वेगळी. शेवटी छकुली: तारीख, वेळ, आणि वजनसुद्धा, 2 किलो 900 ग्रॅम. वजन लिहायचा हट्ट तुझ्या आईचा. मी म्हटलं, पवित्र शास्त्रात वजन? ती म्हणाली, लिहा मुकाट्याने.

मागे वळून बघणाऱ्यांचं म्हणशील तर त्यांत पहिला मीच असायचो. आता पंचही नाही आणि मानेच्या दुखण्यामुळे मान वळतही नाही. रडली तर रडू दे. बाकाखाली शिरली तर मी तिथली धूळ शनिवारीच पुसून घेतो.

उपासना साडेआठला आहे. वाकडहून सातला निघा, रविवारी रस्ता मोकळा असतो. लवकर पोचलात तर आधी घरी या, पंचहौद चर्चच्या घंटा तिला गॅलरीतून ऐकवू. मागच्या खेपेला त्या ऐकून ती टाळ्या वाजवत होती. सूनबाईंना सांग, डबा आणू नका, आई खिमा करणार आहे.

आणि पिशवीत टाकायला तिच्या हातात नाणं दे. नोट नको, नाणंच दे.

तुझा,
पप्पा
नाना पेठ, पुणे