भाचीच्या करिअरबद्दल

प्रिय सुमे,

तुझ्या भाचीला जेनेटिक कौन्सेलिंग (आनुवंशिक आजारांबद्दल कुटुंबांना समजावून सांगायचं काम) करायचंय आणि मी ओपीडी सोडून दुर्मीळ आजारांच्या रिसर्चमध्ये का आले हे तू विचारलंस, फोनवर धड सांगता आलं नाही म्हणून लिहितेय.

मागच्या आठवड्यात सोलापूरच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, एका घरी गेले होते. बाळ नऊ महिन्यांचं, अजून मान धरत नाही, एसएमए टाइप वन, म्हणजे स्नायू दुबळे करत जाणारा आनुवंशिक आजार. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळतेय आणि मी शेजारी बसून वंशावळ काढतेय, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, नात्यात लग्न असेल तर मधे दुहेरी रेघ. तिला आत्याच्याच घरी दिलेली. सासू सारखी म्हणत होती, सुनेकडून आलं. मी कागद तिच्यापुढे धरला, म्हटलं आजी, तुमचे न् हिच्या वडलांचे आईवडील एकच ना, आणि एसएमएन-1 जीनची बिघडलेली प्रत आई न् बाप दोघांकडून आली तरच हा आजार होतो, एकट्या आईचं काही नसतं. पुढच्या दर खेपेला 25 टक्के धोका आहे, पण गरोदरपणात तपासता येतं, हेही सांगितलं. सासू गप्प बसली, सून मात्र रडली.

आता ट्रायलचं, म्हणजे नव्या औषधाच्या चाचणीचं. आईबापांना फक्त 'औषध' एवढंच ऐकू येतं गं. ट्रायल म्हणजे उपचार नाही, कदाचित प्लासिबो, म्हणजे औषधासारखंच दिसणारं पण औषध नसलेलं काही, मिळेल, मधेच कधीही सोडता येतं आणि सोडलं म्हणून नेहमीचे उपचार थांबत नाहीत, हे कितीदा तरी सांगावं लागतं. 2019 च्या नियमांनी काही ट्रायल्समध्ये कन्सेंटचं, म्हणजे संमतीचं, व्हिडिओ रेकॉर्डिंग लागतं, पण कॅमेऱ्यासमोर सगळेच माना डोलावतात, म्हणून मी म्हणते तुम्हीच मला सांगा काय समजलं ते. त्यांच्या घरच्या भाषेत, तेलुगूतून सांगितलं की खरं कळतं.

या बाळाचं वय ट्रायलच्या अटीत बसलं नाही. ते सांगायलाही मीच गेले. मग दुर्मीळ आजारांचं 2021 चं राष्ट्रीय धोरण, त्यातली 50 लाखांपर्यंतची मदत, त्यासाठी मुंबईच्या केईएम रुग्णालयाची कागदपत्रं हे सगळं घेऊन बसलो, आणि एसएमएची बहुतेक औषधं वर्षानुवर्षं द्यावी लागतात, तेवढ्यात भागणार नाही, हे पण लपवलं नाही. ओपीडीत रिपोर्ट समजावला की कुटुंब दाराबाहेर जायचं, इथे ट्रायल नाही म्हणाली तरी मी त्यांची असते, म्हणून आले.

भाचीला गड्ड्याच्या जत्रेला घेऊन ये, एक कन्सेंट फॉर्म वाचायला देते. आणि तिला म्हणावं तेलुगू, कन्नड थोडी तरी शिक, कोर्समध्ये ती शिकवत नाहीत.

तुझी,
वंदी