आईच्या ब्रिजची डागडुजी

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर आई हसली की पदर तोंडाशी नेत होती. मला वाटलं, दादानं काहीतरी चिडवलं असेल. मग बाबांनी सांगितलं, समोरच्या दातांच्या ब्रिजला हिरडीपाशी काळी रेघ दिसायला लागलीय, वर सुपारी फोडताना एका कॅपचा टवकाही उडालाय. आणि दवाखान्यात म्हणे दोन मिनिटांत निकाल लागला: कापून काढायचा, नवा बसवायचा. आई, जरा थांब.

दातांच्या लॅबमध्ये रोज वीसेक कॅप माझ्या हाताखालून जातात, तेव्हा एवढं बोलायचा हक्क मला आहे. तुझ्या कॅपच्या आत धातूची टोपी आहे. तिचा काळपटपणा झाकायला तिच्यावर आम्ही ओपेकचा थर देतो, त्यावर दाताच्या रंगाचं पोर्सिलेन, आणि शेवटी भट्टीत काचेसारखी चकाकी. ती काळी रेघ म्हणजे कीडच असेल असं नाही. मी अकरावीत असताना बसवलेला ब्रिज तो. एवढ्या वर्षांत हिरडी सरकली आणि धातूची कड उघडी पडली, असंच बहुतेक असणार. तपकिरी झाक मात्र मिशरीची. चकाकी गेली की खरखरीत जागी ती घर करते. बाबा, तुम्ही तिला राखेनं घासायला सांगितलंत, त्यानं चकाकी आणखीच जाते हो!

गेल्या आठवड्यात रंग जुळवायला एका दवाखान्यात गेले होते, तिथे असाच एक ब्रिज न काढता तोंडातच दुरुस्त करायचं काम चाललेलं. दाताभोवती रबराचं शीट ताणलेलं. डॉक्टरांनी उघड्या धातूवर अॅल्युमिनाची बारीक पूड हवेच्या झोतानं मारली. पोर्सिलेनच्या तुटक्या कडेला हायड्रोफ्लोरिक अॅसिडची जेल लावली. ती हिरडीला लागली तर भाजते, शीट त्यासाठीच. धुऊन, सुकवून पोर्सिलेनला पकड यावी म्हणून सिलेन लावलं, मग चिकटवणारा बाँड. धातूवर ओपेकचा हात फिरला आणि काळं गायब. त्यावर काँपोझिटचे, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरावाचे पातळ थर, प्रत्येक थर निळ्या लाइटखाली पक्का केला, शेवटी पॉलिश. ब्रिज जागचा हलला नाही. बाबा, कठडा फुटला म्हणून १९२९ सालचा आपला सांगलीचा आयर्विन पूल कुणी पाडायला निघालं होतं का?

पण आधी एक्स-रे. ब्रिज हलत असेल, खालून वास येत असेल किंवा आतला दात किडला असेल, तर वरून रंगवून उपयोग नाही. मग काढावाच लागेल. आणि हे काम नव्या ब्रिजइतकं टिकत नाही, हेही सांगून ठेवते. काँपोझिट पुढे पिवळं पडतं, आपल्या हळदीच्या गावात तर पडणारच. तेव्हा परत पॉलिश करायचं, नाहीतर थर बदलायचा. ब्रिज कापून काढताना आतला दातच तुटायची धास्ती असते, त्यापेक्षा हे परवडलं.

मिरजेतल्या ओळखीच्या डॉक्टरांशी बोलले आहे. रविवारी येते, छटांची पट्टी घेऊन. ओसरीवर दिवसाउजेडी बघू, बल्बखाली रंग फसवतो. मिशरीचं मी काही बोलत नाही, तुला माहीत आहे.

तोवर सुपारी अडकित्त्यानंच फोड.

तुमची,
पमी