छोट्या गाडीचं इंजिन बाहेर काढलंय

प्रिय आई, बाबा,

फोनवरच सांगणार होते, पण बाबा फोनवर "हं, हं" करतात आणि फोन आईकडे देऊन मोकळे होतात, आणि आई एकदा सुरू झाली की माझा विषय राहतो बाजूलाच. म्हणून लिहितेय. छोट्या गाडीचं, म्हणजे आपल्या माझदा रोडस्टरचं, इंजिन मी बाहेर काढलंय. गाडी विकलेली नाही, विकणारही नाही, हे आधी नीट वाचा. तिच्यात आता रोटरी इंजिन बसवतेय, माझदाचंच आहे, त्यांच्या आरएक्स-७ गाडीमधलं १३बी, टर्बोवालं. इंजिन येऊन पडलंय, पैसे देऊन झालेत, त्यामुळे "अजून एकदा विचार कर" म्हणायला फोन करू नका प्लीज, विचार भरपूर करून झालाय.

बाबा, तुमचा चेहरा मला इथून दिसतोय. चांगलं चालतं इंजिन काढलं कशाला, हेच ना? खरंय, चांगलंच चालत होतं, आणि का चालत होतं ते मला माहीत नाही असं वाटलं का तुम्हाला? ते १.६ लिटरचं जुनं इंजिन तुम्ही नसतात तर केव्हाच भंगारात गेलं असतं. टायमिंग बेल्टचं कव्हर उघडलं तर आतल्या बाजूला तुमचं मार्करने लिहिलेलं तसंच होतं, तारीख, किलोमीटर आणि खाली "वॉटर पंप पण बदलला". गरज नसेल तिथेही तुम्ही अक्षराला जो गोल काढता तोसुद्धा. ते मी पुसलेलं नाही. इंजिन ऑइल-कूलंट काढून, सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडून, प्लग परत लावून स्टँडवर ठेवलंय, वरून कापड घातलंय आणि महिन्यातून एकदा हाताने फिरवते. उद्या वाटलं तर परत बसवता येईल, म्हणूनच नव्या इंजिनासाठी पुढचा सबफ्रेम, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं तो सांगाडा, वेगळा घेतला, जुना कापला नाही. बॉडीला कुठे ग्राइंडर लावलेला नाही. टनेलला, म्हणजे दोन सीटांमधल्या उंचवट्याला, एका जागी हातोडा मारावा लागणार आहे, तेवढं आत्ताच सांगून ठेवते, नंतर तुम्ही टॉर्च घेऊन खाली वाकून शोधून काढण्यापेक्षा बरं.

तुमचं काम वाया गेलं असं मनात आणू नका. त्या इंजिनावरच तर मी शिकले सगळं.

आता हे का करतेय ते सांगते, आणि आई, तूसुद्धा वाच, "गाड्यांचं आहे" म्हणून पान उलटू नकोस. ही गाडी हलकी आहे, ९५० किलोच्या आसपास, आणि तिची सगळी मजा त्यातच आहे. जुन्या इंजिनाची ताकद साधारण ११५ हॉर्सपॉवर. मला ताकद वाढवायची होती पण नाक जड करायचं नव्हतं. मोठं इंजिन टाकणारे टाकतात, पण मग ते पुढच्या चाकांवर येऊन बसतं आणि वळणावर गाडी बाहेर जायला बघते. रोटरी आकाराने एवढुसं असतं की ते खाली आणि मागे, डॅशच्या जवळ सरकवून बसवता येतं. १३०८ सीसी, दोन रोटर, त्यात वाल्व नाही, कॅमशाफ्ट नाही, कनेक्टिंग रॉड नाही. तिकोनी रोटर आत फिरतो, त्याची एक फेरी होते तोवर शाफ्टच्या तीन होतात, आणि पिस्टनसारखं वर जाऊन थांब, खाली येऊन थांब असलं काही नाही, म्हणून ते इतकं मऊ फिरतं. आरएक्स-७ मध्ये हे १९९१ साली आलं तेव्हाच २५५ हॉर्सपॉवरचं होतं. मला त्याच्या पुढे जायचंच नाहीये. बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात हवा ढकलतो तो दाब, कंपनीने दिलं होतं तेवढंच ठेवणार, ०.७ बारच्या आसपास. लोक दुप्पट करतात, मी नाही करणार, शप्पथ.

आणि हो, टिकण्याचा प्रश्न. "रोटरी म्हणजे डोकेदुखी" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय, आणि तुम्ही ते उगाच म्हणत नाही हेही कळतं. एनएसयू या जर्मन कंपनीने १९६४ मध्ये वँकेल, म्हणजे रोटरीच, इंजिन घातलेली पहिली गाडी विकली, ती पण छोटी रोडस्टरच होती बघा, स्पायडर, आणि त्यांच्याच १९६७ च्या आरओ ८० ला तर पुढच्या वर्षी युरोपात कार ऑफ द इयर मिळालं आणि तरी सील झिजून इंजिनं बदलून देता देता कंपनी बेजार झाली. पण माझदाने सोडलं नाही ना. त्यांचे इंजिनिअर यामामोतो आणि त्यांची ४७ इंजिनिअरांची टीम बसली होती त्याच्यावर, आत भिंतीवर जे ओरखडे उठायचे त्यांना ते सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणायचे, आणि शेवटी कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवून सील केले तेव्हा कुठे १९६७ ची कॉस्मो गाडी रस्त्यावर आली. मग १९९१ ला माझदाची चार रोटरची रेसची गाडी ७८७बी ले मान्सची २४ तासांची रेस जिंकून आली. चोवीस तास चाललं बाबा ते. माझं तर सकाळी तासभर चालणार.

आई, सील म्हणजे काय तर रोटरच्या टोकाला असलेली पट्टी, आपल्या कुकरच्या रिंगेचंच काम करते, ती गेली की आत प्रेशर धरत नाही. म्हणून इंजिन घेताना मी सगळ्यात आधी कॉम्प्रेशन बघितलं. साधा गेज लावला तर तो तीन बाजूंपैकी चांगल्या बाजूचा आकडा दाखवून मोकळा होतो, रोटरीचा टेस्टर वेगळा असतो, तो प्रत्येक रोटरचे तीनही आकडे वेगळे दाखवतो. विकणारा म्हणाला, कशाला, चालू करून दाखवतो की. मी म्हटलं नको, टेस्टरच लावा. आकडे तर सारखे आलेच, पण मी आधी वरचा प्लग काढून स्टार्टर मारायला लावला आणि कान देऊन ऐकलं. फस्, फस्, फस्, एकसारखं, कुठे एक ठोका लंगडा नाही. मग मागच्या रोटरचं तसंच. तुम्ही शिकवलेलंच आहे हे, मशीन बोलत असतं, आपण गप्प बसायचं.

सील जातात ते बहुतेक वेळा डिटोनेशनने, म्हणजे आतलं मिश्रण नको तेव्हा आपोआप भडकल्याने, टर्बोचा जोर वाढला आणि मिश्रणात पेट्रोल कमी पडलं की, एका क्षणात. त्यामुळे मोठे इंजेक्टर, नवा पंप, वेगळा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि मिश्रणात पेट्रोल पुरेसं आहे का ते दाखवणारा वाइडबँड सेन्सर हे आधी घेतलं, चकचकीत गोष्टी नंतर. दोन टर्बोंऐवजी एकच लावतेय, कारण मूळच्या दोन टर्बोंच्या व्हॅक्यूम पाइपांचं जाळं बघाल तर आत्ताच झोप उडेल तुमची. गिअरबॉक्स आरएक्स-७ चाच, मागच्या चाकांना ताकद वाटून देणारं डिफरन्शियल मात्र याच गाडीच्या १.८ लिटरवाल्या मॉडेलचं, १.६ चं एवढा टॉर्क सोसत नाही. गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत जी ॲल्युमिनियमची लांब फ्रेम जाते ती नव्या गिअरबॉक्सला जुळवून घ्यायची आहे, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात किचकट काम तेच आहे, इंजिन बसवणं त्यामानाने सोपं. आणि सेफ्टीचं तर सगळं केलंय, सीटच्या मागे रोल बार, मोठे ब्रेक, हाताशी अग्निशामक, नवे बेल्ट. नोंदणीत इंजिन नंबर बदलून घेणार, विमा कंपनीला लेखी कळवणार. एवढं करून मी रात्री कुठे कुणाशी रेस लावत फिरणार आहे असं जर कुणाला वाटत असेल (आई, तुलाच म्हणतेय) तर नाही.

आता तुमच्या सोयीचं. मोठी गाडी आहे तशी आहे, तिला कुणी हात लावणार नाही. बाबांच्या चेकअपला, आईच्या गुडघ्याच्या डॉक्टरकडे, लग्नाकार्याला तीच न्यायची, उंच सीट, एसी, मागे पाय लांब करायला जागा, सगळं तसंच. आईला छोट्या गाडीत बसायला-उठायला किती त्रास होतो ते मला दिसत नाही असं नाही, त्यामुळे तुला तिच्यात बसवायचा आग्रह मी कधीच धरणार नाही. पण कधी वाटलंच, नुसती एक चक्कर, तर हाताला धरायला दाराजवळ एक पट्टा लावून ठेवणार आहे. रोटरी गरम फार होतं, धूर बाहेर पडतो तोच इतका तापलेला असतो की टर्बो लाल दिसायला लागतो, आणि बरीचशी उष्णता ऑइल वाहून नेतं म्हणून रेडिएटर मोठा आणि पुढे ऑइल कूलर दोन्ही आहेत. पायाकडच्या टनेलला उष्णता अडवणारं अस्तर लावतेय, नाहीतर आईचा उजवा पाय पाच मिनिटांत तक्रार करेल. आवाज आधीपेक्षा जास्त येणार, ते नाकारत नाही, पण सायलेन्सर दोन लावतेय आणि तुम्ही घरी असाल तेव्हा दुपारच्या झोपेच्या वेळी मी चावी फिरवणार नाही. पेट्रोलचा वास घरात येऊ नये म्हणून गॅरेजच्या आतल्या दाराला रबर पट्टी लावून झाली.

पेट्रोल पितं खूप. ते माझ्याच खिशातून जाणार, सांगून टाकते.

बाबा, एक गोष्ट मात्र तुम्हाला आवडेल. हे इंजिन मुद्दाम थोडं ऑइल जाळतं, सीलना ओलावा मिळावा म्हणून, त्यासाठी कंपनीचा एक छोटा पंप असतो. तो मी काढून टाकलाय आणि पेट्रोल भरताना टाकीत टू-स्ट्रोक ऑइल मोजून घालणार आहे. परवा मोजायचं भांडं घ्यायला गेले आणि हातात आलं ते तसंच निघालं, आपल्या स्कूटरच्या डिकीत असायचं ना, पिवळं पडलेलं, रेघा पुसलेल्या, ते धरायचं काम माझं असायचं. एक थेंब सांडला नाही की तुम्ही म्हणायचात "हेड मेकॅनिक", आणि सांडला तरी तेच म्हणायचात. आईने त्या निळ्या फ्रॉकवरचा डाग काढायला किती दिवस घालवले, आणि शेवटी फ्रॉकच पुसायचं फडकं झालं. मला त्या वासाने अजूनही घरी आल्यासारखं वाटतं, कुणाला सांगू नका.

असो. आता ऐका, दोघंही.

बाबा, तुम्ही यायचंय, पण इंजिन उचलायला नाही. स्टेंट बसल्यानंतर डॉक्टरांनी वजन उचलायला नाही म्हटलंय म्हणजे नाही, "जरा हात लावतो" हेही त्यातच येतं. क्रेन भाड्याने आणलेली आहे, माझा मित्र आहे मदतीला. तुमच्यासाठी खुर्ची ठेवलीय, पाठीला उशी असलेली, आणि काम पण ठेवलंय, वायरिंग. जुन्या हार्नेसमधल्या कुठल्या तारा राहणार, कुठल्या जाणार याचा तक्ता मला तुमच्या हाताने लिहिलेला हवाय, रंगांसकट, कारण माझ्या खुणा मलाच नंतर लागत नाहीत. बसून करायचं, दर तासाला उठून दहा पावलं चालायचं आणि गॅरेजचं शटर पूर्ण वर असल्याशिवाय इंजिन चालू असताना आत थांबायचं नाही.

आणि तुमची ती सवय, पार्किंगमध्ये गाडी चालू करून दोन फूट पुढे घ्यायची आणि बंद करायची, ती या गाडीला अजिबात चालणार नाही. थंड रोटरी चालू करून लगेच बंद केलं की आत पेट्रोल साचतं आणि मग ते पुन्हा चालूच होत नाही, प्लग काढून वाळवत बसावं लागतं. एकदा चालू केलं की तापमान वर येईपर्यंत बंद नाही. आणि ढकलूही नका, आईला तर मुळीच सांगू नका ढकलायला. आहे तिथे राहू द्या, मी येऊन काढेन.

आई, रात्रीच्या गोळ्या बाबांनी खरंच घेतल्या का ते डबी उघडून बघत जा, "घेतल्या" म्हणण्यावर जाऊ नकोस. आणि तू स्वतःच्या कॅल्शियमचं परत बंद केलंयस ना? दादाने सांगितलं. मी रागावत नाहीये, पण सुरू कर. मी घरी येणं कमी होईल अशी शंका आली असेल तर ती काढून टाक, गॅरेजचं काम शनिवारी, रविवार तुमचाच, फक्त नखांतलं ग्रीस बघून तोंड वाकडं करू नकोस, धुऊनही ते जात नाही.

दादाला मी अजून सांगितलेलं नाही. तुम्ही सांगा, पण टर्बोचा भाग वगळून.

तुमची,
चिमी

ता.क. बाबा, १.६ चा तो क्रँक पुलीचा बोल्ट तुम्ही किती न्यूटन-मीटरला आवळला होता? माझा तर पान्ह्याला पाइप लावून निघाला.