शेवटची सहा पावलं

देवगड

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझा पोल व्हॉल्टचा व्हिडिओ दादाने मला पाच-सहा वेळा लावून दाखवला. पोल शेवटी जड पडतो, म्हणून उडी न मारताच गादीवर जाते, असं लिहिलंयस. पोलमधलं मला काय कळणार! पण झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची लांब काठी, घेऊन जन्म आंब्याखाली गेला. झेला उभा धरला की हलका, आडवा केला की टोक ओढायला लागतं आणि माणूस त्याच्यामागे ढांगा टाकत सुटतो. तुझं तेच होतंय. अर्ध्या वाटेतच टोक खाली येतं.

ते उंच राहू दे. शेवटच्या सहा पावलांत हळूहळू उतरव, आणि तेही हाताने दाबून नाही, त्याच्या वजनाने. पोल उतरतो तशी पावलं भरभर पडायला हवीत. तू मात्र पोल टेकवायचा तो बॉक्स लांब वाटला की पाय फेकतेस. पाय अंगाच्या पुढे, टाच आधी, कंबर खाली. म्हणजे स्वतःच ब्रेक दाबलास. मग पोल वाकणार कशाने? तो दंडाच्या जोरावर वाकत नाही, वेगावर वाकतो. तुझ्या खोलीत ज्याचा फोटो आहे तो पोल व्हॉल्टवाला डुप्लांटिस २०२४ मध्ये झुरिकला १०० मीटर १०.३७ सेकंदात धावला, आणि हरवलं कुणाला, तर ४०० मीटर हर्डल्सचा विश्वविक्रम असलेल्या वॉरहोमला!

दिवाळीत आलीस की ओहोटी बघून पवनचक्क्यांखालच्या पुळणीवर जाऊ. ओली वाळू घट्ट असते. रन-वे निदान ४० मीटरचा लागतो ना, तेवढी जागा टेपने आखतो. बॉक्सच्या जागी एक रेघ. उडी नाही, नुसतं पोल घेऊन धावायचं. मी प्रत्येक पावलाशी झावळीचा हीर खोचत येईन. शेवटाकडे हिरांमधलं अंतर वाढत गेलं, तर तू पाय फेकतेयस. टाचेचा खड्डा खोल दिसला तरी तेच. शेवटचं पाऊल तर आधीच्यापेक्षा जरा आखूडच हवं. वाळू खोटं बोलत नाही, व्हिडिओत माझे डोळे फसतात.

पावलं डाव्या पायाचीच मोजतेस ना? उडी त्याच पायावर आहे तुझी.

धाव सुरू करायचा मार्क मात्र आपल्या मनाने मागे-पुढे करू नकोस. हे पत्र सरांना दाखव. माझं चुकत असेल तर त्यांचंच ऐक.

आईने फणसाची साटं बांधून ठेवलीयत. हॉस्टेलवर सगळ्यांना वाटून संपवू नकोस.

तुझा,
बाबा