सूर्य कधीपासून अपारंपरिक झाला?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी नातीचा विज्ञानाचा अभ्यास घेत होतो. वहीत दोन रकाने, पारंपरिक ऊर्जा आणि अपारंपरिक ऊर्जा, आणि पोरगी जलविद्युतपाशी अडली, आजोबा हे कुठे लिहू? सगळी नोकरी मोटर वाइंडिंगमध्ये गेली माझी, पण मलाही चटकन सांगता येईना.

आता बघा, खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ चं. घाटावरचा पाऊस लोणावळ्याच्या तलावांत अडवायचा, पाइपातून खाली सोडायचा, आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालायच्या. ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र त्यानंतर चाळीसेक वर्षांनी, १९५६ ला आलं. म्हणजे जुनं तर पाणीच, पण पाऊस दरवर्षी पडतो आणि कोळसा एकदा जाळला की गेला, परत व्हायला कोट्यवधी वर्षं लागतात, मग दोघं एका रकान्यात बसवायचे कसे?

आणि सूर्य म्हणे अपारंपरिक! अहो आमच्या मुलुंडच्या मिठागरांत उन्हावरच मीठ पिकायचं, कोळ्यांच्या होड्या शिडावर चालायच्या, आमची आई गच्चीत पापड वाळवायची तेव्हा घरात गॅसचं नाव नव्हतं. आज स्वयंपाकघरात पाइपने जो गॅस येतो तो जमिनीच्या पोटातला, कधीतरी संपणाराच, पण त्याला कोणी नवखं म्हणत नाही.

तुम्ही म्हणाल शब्दाने काय बिघडतं. बिघडतं हो. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये लिफ्ट आणि पंपाच्या बिलासाठी गच्चीवर सोलर लावायचा विषय निघाला, केंद्राच्या सूर्यघर योजनेत सोसायटीला कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये सबसिडी आहे हेही मी सांगितलं. तर एक गृहस्थ उठले, "अपारंपरिक म्हणजे अजून प्रयोगच ना, आपल्या गच्चीवर कशाला?" माना डोलल्या, विषय पुढे ढकलला. टाकीची सावली पडते, पावसाळ्यात वीज कमी होते, वॉटरप्रूफिंगचं काय, असं कोणी विचारलं असतं तर बोलता तरी आलं असतं, पण इथे विषय नावावरच अडला.

दिल्लीतल्या मंत्रालयाने हा शब्द २००६ मध्येच सोडला, तेव्हापासून ते नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय आहे. आपण मराठीत मात्र तोच धरून बसलोय. नवीकरणीय शब्द जरा जड आहे, मान्य, मग सरळ संपणारी आणि न संपणारी लिहा ना. तारापूरची अणुवीजसुद्धा मग नीट कळते, १९६९ पासून चालू आहे, धूर नाही, पण युरेनियम खाणीतलंच, म्हणून संपणारी. आणि न संपणारी म्हणजे कुणाचं नुकसानच न करणारी असंही नाही, जलविद्युतसाठीच बांधलेल्या मुळशीच्या धरणात शेतकऱ्यांच्या जमिनी जाणार म्हणून सेनापती बापटांना १९२१ मध्ये सत्याग्रह करावा लागला होता. तो हिशोब वेगळा मांडावा लागतो, पण मांडायचा तर आधी नावं तरी बरोबर हवीत.

तेव्हा तुमच्या पेपरात तरी अपारंपरिक हा शब्द बंद करा ही विनंती. आमची पुढची मीटिंग महिनाअखेरीला आहे, त्याआधी पत्र छापलंत तर बरं होईल, कात्रण नोटीस बोर्डावर लावीन म्हणतो.

आपला,
एक जुना वाचक, मुलुंड (पूर्व)