तीनशेवर आणलं मला देवानं

श्टुटगार्ट (जर्मनी), फेब्रुवारी

आई, पप्पा,
प्रभूच्या नावात सलाम.

मी बरी आहे. खोकला गेला. आई, व्हिडिओवर गाल बसलेले दिसतात ते इथल्या दिव्यामुळे. भात रोज करते, तू दिलेल्या सांडगी मिरच्या अजून आहेत.

इथली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. बाहेर बर्फ असलं तरी ही माणसं दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडतात. नुसती फट ठेवून चालत नाही. आधी हीटर बंद करायचा, समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघडायच्या, पाच-दहा मिनिटं थांबायचं, मग खिडक्या लावून पुन्हा हीटर. याला 'लुफ्टन' म्हणतात. माझ्या भाडेकरारातसुद्धा ते लिहिलंय! घरं इतकी घट्ट बांधलेली असतात की आंघोळीची, स्वयंपाकाची, श्वासाची वाफ आतच राहते आणि भिंतींना बुरशी धरते. कौलांतून वारा येणाऱ्या आपल्या घरात वाढलेल्या मला हे पटायला दोन महिने लागले. भात शिजवला की आणखी एकदा उघडावी लागते. शाल गुंडाळून खिडकीशी उभी राहते आणि तेवढ्या वेळात प्रार्थना करते. प्रार्थना सुटलेली नाही, आई. उपासना चुकते ती ड्यूटीचा रविवार असला तरच.

आणि "सिस्टर होऊन म्हाताऱ्यांना आंघोळ घालतेस काय गे?" असं मावशीकरवी विचारू नकोस. आपल्याकडे ते आयाचं किंवा घरच्यांचं काम, इथे ते नर्सचंही. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तिथे मला कसला कमीपणा?

आता जे सांगायचंय ते. सप्टेंबरात परीक्षा पुढे ढकलली असं मी सांगितलं होतं, ते खोटं होतं. परीक्षा झाली होती. मी नापास झाले होते. ती पास झाल्याशिवाय माझं आपल्याकडचं नर्सिंग इथे धरणार नव्हते, मदतनीस म्हणूनच राबावं लागत होतं, आणि पुन्हा देता येते ती एकदाच. आई, तू त्या शुक्रवारी माझ्यासाठी उपास धरला होतास. मी फोन ठेवला आणि रडले.

मला भाषेचा गर्व होता. बेळगावचं पोर, घरात मराठी, बाजारात कन्नड, कॉलेजात इंग्रजी. चौथी भाषा ती काय! जर्मनच्या बी-टू पातळीचं सर्टिफिकेटही मिळालं होतं. पण वॉर्डात सगळे इथल्या श्वेबिश बोलीत बोलतात, आणि परीक्षकांसमोर पेशंटची माहिती सांगताना माझी वाचाच बसली. मी प्रार्थना करत होते, नाही असं नाही. पण ठराव माझा आणि सही तेवढी देवाची, अशी ती प्रार्थना होती. नापास झाल्यावरही कुणाला कळू द्यायचं नाही, एकटीनंच निभवायचं, हाही तोच गर्व.

पप्पा, तुम्ही लाइट गेली की बायबलातल्या गिदोन सेनापतीची गोष्ट सांगायचात. त्याच्या 32 हजार सैनिकांतले 22 हजार भ्याले म्हणून परत गेले, उरले 10 हजार, तेही देवाला जास्तच वाटले. 300 वर आणलं. का, तर 'आमच्याच हाताने आम्ही वाचलो' असं इस्राएलाने म्हणू नये म्हणून. लहानपणी मला त्या घरी पाठवलेल्यांचंच वाईट वाटायचं. ऑक्टोबरात ती गोष्ट पुन्हा वाचली तेव्हा कळलं, माझे मार्क, माझ्या भाषा, तुमच्यापुढे मिरवलेली माझी हुशारी, देव एकेक घरी पाठवतोय.

दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या वयस्कर सिस्टरला म्हणाले, "मला जमत नाही, शिकवा." एवढं वाक्य बोलायला मला वर्ष लागलं होतं. ती रोज ड्यूटीआधी अर्धा तास बसू लागली. अभ्यास पूर्वीइतकाच केला. देवावर टाकणं म्हणजे पुस्तक मिटून बसणं नव्हे, हे तुम्हीच सांगायचात. भीती मात्र गेली. जानेवारीत ड्रेसिंग करताना एक शब्द आठवेना, तर सरळ म्हणाले, शब्द आठवत नाही, करून दाखवते. पास झाले. पास झाले म्हणून देव खरा ठरला असं नाही हं. नापास होऊन बॅग भरून आले असते, तरी कृपा पुरली असती. प्रेषित पौलाच्या देहातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, त्याने तीनदा मागूनही देवाने काढला नव्हताच.

आता पगार वाढेल. या महिन्यात 500 युरो पाठवलेत, आधी कोर्सच्या कर्जाचा हप्ता भरा, उरले तर दादाच्या लग्नाला ठेवा. मेमध्ये रजा मिळेल असं वाटत नाही. माझ्यासाठी हॉलची तारीख अडवू नका, दादाशी मी बोलेन. निपाणीच्या स्थळाला नाही म्हणू नका, पण मी नापास झाले होते आणि तुमच्याशी खोटं बोलले होते, हेही त्यांना सांगा. मग विचारतात का बघू.

पप्पा, तुमच्या मोतीबिंदूच्या वेळी मी इथे परक्या माणसांच्या डोळ्यांत औषध घालत होते. तुमच्या डोळ्यांत शेजारच्या वहिनी घालतात, त्यांना माझा सलाम सांगा. बाटलीचं टोक डोळ्याला लागू देऊ नये, आणि दोन औषधांत पाच मिनिटं तरी जाऊ द्यावीत, एवढं त्यांना सांगा.

तुमची,
बेबी